पहिला हात चांगोचा

मी आजवर तहसीलदार बघितलेत, ठेकेदार बघितलेत, मोर्चात शेवटी आणि जेवणावळीत पहिल्या पंगतीला असणारे पुढारी बघितलेत. यांतल्या एकालाही मी घाबरले नाही, आणि एकालाही मला दमवता आलं नाही. मला दमवलं ते चांगोनं. कडावच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथला हा चांगो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पहिला तोच भांडायला येईल, "गावाचं नाव आधी नि माजं मागनं? ह्यो कुठला न्याय?"

सत्तरीला टेकलेला माणूस. अंगानं काटक, पांढरी बंडी, गुडघ्याच्या वर खोचलेली लुंगी. टोपी फक्त मानाच्या वेळी. मान म्हणजे काय तेही सांगून टाकते, कारण सगळी गोम तिथंच आहे.

या गावात होळीचं झाड रानातनं दोर लावून ओढत आणायचं आणि दोर लावूनच देवळापुढं उभं करायचं, अशी रीत. त्या दोराला पहिला हात चांगोच्या घराचा. दोर राहायचा त्यांच्याच माळ्यावर. होळीच्या दिवशी गावकीचा माणूस नारळ घेऊन त्यांच्या उंबऱ्याशी यायचा. घरच्या कर्त्यानं उठून त्याला बसवायचं, आपल्या हातानं पाणी द्यायचं, मग नारळ घ्यायचा, टोपी घालायची आणि निघायचं. त्याचा हात लागल्याबिगर दुसऱ्या कुणी दोराला शिवायचं नाही. बस्, एवढाच मान. त्यात जमीन नाही, बिदागी नाही, प्रसादाचा वाटासुद्धा जास्त नाही. मी एकदा म्हटलं, "चांगोदादा, या मानात खायला काय मिळतं?" तर म्हणाला, "जमीन इकून खाता येते गं. मान खाता येत नाय, म्हनून तर तो ऱ्हाला."

जमीन त्यानं खरोखरच विकली होती. सगळ्यांनीच विकली. रस्त्याकडचा तुकडा फार्महाऊसला गेला. आज तिथल्या फाटकावरचा वॉचमन चांगोला त्याच्याच आंब्याच्या सावलीत उभं राहू देत नाही. खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी कारखान्याबरोबर बंद झाली. उरलेली भातखाचरं पोरगा धनेश सुट्टी मिळेल तशी बघतो. तो पनवेलला गोदामात आहे. आणि मग एका वर्षी गावातल्या पोरांनी होळीचं झाड आणायला जेसीबी बोलावला. चांगो टोपी घालून ओटीवर बसून राहिला. जेसीबीला कुणाचा पहिला हात लागत नाही. झाड आलं, उभं राहिलं, डीजे वाजला, आणि नारळ घेऊन कुणी आलंच नाही. संध्याकाळी त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. हे मला त्याच्या बायकोनं, मोतीबाईनं सांगितलं. तो असलं काही सांगत नाही. तो फक्त रुसतो.

आणि रुसण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कर्जत तालुक्यात नाही. भिंतीकडं तोंड करून आडवा होतो. जेवतो, पण भिंतीकडं तोंड करूनच.

आता पवनचक्कीचं. भिवपुरीला पाण्यावर वीज होते त्याला शंभर वर्षं झाली. तारा आमच्या डोक्यावरनं जातात, आम्ही माना वर करून बघतो. या गावच्या वरच्या आळीत वीज होती, पण दिवा मिणमिणेल एवढीच; पंप उचलायचा तिच्यात दम नव्हता. बाया तळातल्या विहिरीवरनं हंडे घेऊन चढण चढायच्या. मोतीबाईच्या दोन्ही गुडघ्यांची वाट त्याच चढणीनं लावली. आणि टेकडीवर वारा असा, की शेळ्या आडव्या होतात. मी लोधिवलीची, शिक्षण सातवी. फोनवर बघून बघून पवनचक्कीचं शिकले, साताऱ्याकडच्या पठारावर जाऊन तिथल्या राखणदारांशी गप्पा मारून आले, आणि मग या गावाच्या मागं हात धुऊन लागले. कितीतरी वर्षं गेली त्यात. पण केली. घरटी एक वाटा. ना कंपनी, ना ठेकेदार. गावाची सोसायटी, गावाचं यंत्र. साठ फुटी खांब, वर तीन पाती. पंप तिच्यावर, आळीतले दिवे तिच्यावर. गावानं नाव ठेवलं भिंगरी.

खांब बुडाशी बिजागरीवर बसवलेला आहे. वर चढायची सोय नाही. ग्रीस भरायचं असेल किंवा वादळ यायचं असेल, तर ताणाच्या तारा सोडून अख्खा खांब दोरानं हळूहळू आडवा करायचा, काम झालं की दोरानंच ओढून उभा करायचा. म्हणून मी सोसायटीच्या नियमात एक नियम घालून घेतला: दोराला घरटी एक हात. पैसे देऊन सुटका नाही. ज्याचे हात दोराला, त्याचीच भिंगरी. नाहीतर उद्या कुणीतरी ठेकेदार येतो, "मी बघतो सगळं" म्हणतो, आणि परवा भिंगरी त्याची होते. हे मी फार बघितलंय.

नियम केला मी, आणि त्यात खोडा घातला चांगोनं. पहिल्यांदा खांब उभा करायच्या दिवशी पुण्याचा इंजिनियर आला होता. त्यानं होळीचा जुना काथ्याचा दोर बघून हात जोडले. नवा जाडजूड दोर आणला. सगळी रांग लागली. तेवढ्यात चांगो टोपी घालून टेकडीवर आला आणि खालच्या आळीच्या भिवाजीवर ओरडला, "हात काढ! कुनाच्या आधी हात लावतोस रं?"

भिवाजी त्याच्याच वयाचा, गावकीतला जुना गडी, चांगोशी जन्माचं वाकडं. तो म्हणाला, "हे काय होलीचं झाड हाय?"

"झाड नाय तर काय? उभं करायचं हाय ना? दोरानं करायचं हाय ना? झालं मग."

अर्धा दिवस त्यात गेला. इंजिनियर दगडावर बसून बिस्किटं खात होता. शेवटी मीच ओरडले, "घ्या बाबा, लावा तुमचा पहिला हात, पण लावा!" त्यानं लावला. आणि मग त्यानं जी हाळी दिली ना, "जोर रं, होऽऽ! धर रं, होऽऽ!" त्यावर पाऊणशे माणसांचे हात असे एका दमात चालले, की खांब हलकाफूल होऊन वर गेला. माझा राग गेला नाही. पण हे मान्य करायलाच हवं.

तेव्हापासून तीच रीत होऊन बसली. दोर चांगोच्या माळ्यावर. भिंगरी खाली घ्यायची असली की सोसायटीचा सेक्रेटरी नारळ घेऊन त्याच्या दारी. सेक्रेटरी कोण? भिवाजी! मग चांगो उठणार, भिवाजीला खुर्ची देणार, आपल्या हातानं पाणी देणार, दोघंही एकमेकांकडं न बघता "बरं हाय ना?" "बरं हाय" म्हणणार. मी कपाळाला हात लावायची. "दादा, हे यंत्र आहे, देव नाही."

"मग? यंत्राला मान नसतो का? तुज्या मोर्चाला पुढं कोन चालायचं ते तू ठरवतेस ना?"

अशा माणसाशी काय बोलायचं!

गेल्या वर्षी भिवाजीनं सेक्रेटरीपद सोडलं आणि ते आलं हर्षलाकडं. हर्षला म्हणजे चांगोची सून, धनेशची बायको. बी.कॉम. झालेली, कर्जतला एका पतपेढीत कामाला. डोकं चांगलं, जीभ त्याहून चांगली. तिनं पहिल्याच सभेत सांगितलं, "नियम घरटी एका हाताचा आहे, पण हात येतात कुठं? मागच्या खेपेला आले ते सगळे म्हातारे. बाकीचे कामाला. एखाद्याच्या अंगावर खांब आला तर? क्रेन बोलवू. चालक येईल, खांब उतरवेल, जाईल." सभेनं हात वर केले. मी सभासद नाही, मला हात नाही. मी दात आवळून बसले. पोरीचं चुकत होतं असंही म्हणता येईना, आणि बरोबर म्हणवेना. तिनं त्याच दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "यापुढे भिंगरीसाठी क्रेन. दोराची गरज नाही. सर्वांनी नोंद घ्यावी."

चांगो त्या ग्रुपवर आहे. त्यानं नोंद घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"होलीला जेसीबी, भिंगरीला क्रेन," मोतीबाई मला म्हणाली, "उद्या हा मेला तर यालाही क्रेननंच उचला म्हनावं." आणि मग हळूच, "पन बाय, तो जेवत नाय गो नीट."

तीन-चार महिने असे गेले. सासरा सुनेशी बोलेना. सून सासऱ्याचं ताट वाढायची, तो भिंतीला सांगायचा, "भाजीत मीठ कमी हाय." भिंत काही बोलायची नाही, सून मीठ आणून ठेवायची.

आणि मे सरता सरता वादळाची बातमी आली.

तालुक्याहून फोन: उद्या पहाटे वादळ किनाऱ्याला लागणार, आत आपल्याकडंही जोर राहणार, पत्रे बांधा, फलक उतरवा. मी सकाळीच लोधिवलीहून निघाले. दर फाट्यावर लोक झाडं छाटत होते. गावात पोचले तर हर्षला टेकडीखाली फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतेय.

"क्रेन?"

"नाही येत म्हणतो. हायवेवरचे जाहिरातींचे फलक उतरवायला गेलेत सगळे. उद्या येतो म्हणतो."

"उद्या काय, आमचं मढं उचलायला?"

"माझ्यावर कशाला ओरडता ताई? मी काय वादळ बोलावलंय?"

खरं होतं. आणि दुसऱ्याचं खरं मान्य करणं मला फार महाग पडतं.

वर भिंगरी उगाच गरागरा फिरत होती. वारा अजून भारी नव्हता, पण मधूनच एक झोत यायचा आणि पात्यांचा आवाज बदलायचा. हा खांब उभा राहिला आणि रात्रीत पडला, तर पडणार पंपाच्या खोलीवर. म्हणजे भिंगरीही गेली आणि पंपही गेला. मग पुन्हा हंडे, पुन्हा चढण, पुन्हा मोतीबाईचे गुडघे. आणि पुन्हा अशी भिंगरी उभी करायला माझं आयुष्य उरलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी ओरडत सुटले. वादळाच्या भीतीनं लोक घरीच होते, पनवेलला अडकलेला धनेश सोडला तर कामाला कुणी गेलं नव्हतं. म्हणजे हात होते! बघता बघता टेकडीवर गर्दी जमली. खालच्या आळीतनं भिवाजी आला, पोरं आली, बायाही आल्या.

"दोर?" मी विचारलं.

सगळ्यांनी वरच्या आळीकडं बघितलं.

"माळ्यावर हाय," भिवाजी म्हणाला. "नि माळ्याखाली तो हाय."

"मग जाऊन आणा ना!"

"कोन जातो? तो झोपलाय नि जागा हाय. उठवला तरी उठायचा नाय."

एका पोरानं टेंपोवरचे दोर जोडायचं काढलं. मी म्हटलं, "गवताच्या पेंढ्या बांधायचे दोर ते. तुटला तर पहिला तूच सपाट होशील." आणि दोर मिळाला असता तरी काय? वरच्या आळीतली माणसं लांब उभी. एकानं तर मलाच ऐकवलं, "चांगोदादाच्या आधी आमी हात लावनार नाय. उद्या त्याच आलीत राहायचंय आमाला. तू जाशील लोधिवलीला."

वादळ समुद्रावरनं निघालंय, आणि यांचं हे असं! मला वाटलं, यांच्या मानपानाची मोळी बांधावी आणि तीच खांबाला टेकू म्हणून लावावी.

मी चांगोच्या घरी गेले. ओटीवर मोतीबाई पत्र्यांना दगड बांधायची दोरी वळत होती. आत भिंतीकडं तोंड.

"चांगोदादा, उठा."

"कोन?"

"माझा आवाज ओळखत नाही?"

"आवाज वलखला. काम काय?"

"वादळ येतंय. भिंगरी उतरवायची."

"क्रेन हाय की तुमची. मी नोंद घेतली."

"क्रेन येत नाही."

"अरं रं रं." सगळा जीव ओतून तो हळहळला. "मग?"

"मग दोर द्या आणि चला."

तो वळला. डोळे असे चकाकत होते की मला त्याला तिथंच हाणावासा वाटला. "बोलावनं?"

"मी आलेय ना!"

"तू कोन? तू गावची नाय. सेक्रेटरीनं यायचं, नारल घेऊन, दारातनं. रीत हाय."

"सेक्रेटरी तुमच्या घरातच राहते, दादा! तुमची सून आहे ती!"

"मग तर सोपंच हाय. लांबनं यायचं नाय तिला."

मोतीबाईनं दोरी खाली टाकली. "आरं मुडद्या, खांब पडंल ना! मी पुन्हा हंडा घेऊ का डोईवर?"

"मोती, तू गप. जिनं माजा हात काढला तिनंच बोलवाया यावं."

मी टेकडीकडं पळत गेले. पळत म्हणजे या वयात जेवढं पळता येतं तेवढं. हर्षलाला सांगितलं. तिच्या कपाळाची शीर उठली.

"नाही जाणार."

"हर्षला!"

"ताई, तुम्हीच म्हणायच्या ना, यंत्र आहे, देव नाही? घरातल्या घरात कसलं बोलावणं? सकाळी त्यांना चहा दिला मी. तेव्हा सांगायचं होतं."

"बाई, मी काय बरोबर नि काय चूक सांगायला आले नाही. खांब खाली यायला हवा. दारात जायचं, 'चला' म्हणायचं. जीभ झिजते का?"

"जाईन," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडायच्या आत तिनं तो पुन्हा बाहेर काढला. "पण मग रीत पूर्ण होईल. भिवाजीकाका नारळ घेऊन जायचे तेव्हा बाबा उठून खुर्ची द्यायचे. आपल्या हातानं पाणी द्यायचे. मलाही देतील का? विचारा. सात वर्षं झाली त्या घरात. ओटीवरच्या खुर्चीवर मी एकदाही बसले नाही."

आता बोला! आभाळ पश्चिमेकडनं राखेसारखं झालेलं, आणि मी दोन घमेंडखोरांच्या मधे पोस्टमन. मी परत खाली. चांगोला सांगितलं. तो उठून बसला. मग म्हणाला, "सुनेला पानी? मी?"

"सुनेला नाही. सेक्रेटरीला."

"लोक हसतील."

"लोक टेकडीवर आहेत. हसायला खाली कोण उरलंय?"

मोतीबाई म्हणाली, "भिवाजीला देत होतास ना? त्याला तर तू शिव्या देतोस. ही तुला मीठ देते."

तो लुंगी नीट खोचायला लागला. मी तो होकार समजले आणि नारळ शोधायला निघाले, कारण या गावात त्या दिवशी नारळ नव्हता! दुकान वादळामुळं बंद. एक भिवाजीच्या देव्हाऱ्यात होता. तो द्यायला त्याला माझ्या किती विनवण्या लागल्या ते लिहीत नाही. मला माझा राग येतो.

हर्षलानं नारळ घेतला, पदर खोचला, स्वतःच्याच घराला वळसा घालून समोरच्या अंगणात आली. टेकडीवरनं अर्धं गाव मागोमाग उतरलेलं, गंमत बघायला! खांब वर डुगडुगतोय आणि हे इथं! उंबऱ्याबाहेर उभी राहून ती म्हणाली, "सोसायटीतर्फे बोलवायला आले. भिंगरी उतरवायची आहे. चला."

चांगो आतनं आला. टोपी घातलेली. खुर्ची उचलून पुढं ठेवली. मला वाटलं, आता तरी संपलं. तर नाही. त्यानं नारळाकडं बघितलं.

"नारल कुनाचा?"

भिवाजीचं नाव निघालं असतं तर दुपार तिथंच संपली असती. मी तोंड उघडायच्या आत मोतीबाई कडाडली, "झाडाचा!"

हसू फुटलं सगळीकडं. चांगोही ओठ दाबून राहिला. "बस," तो हर्षलाला म्हणाला. ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. तो आत गेला, तांब्या-पेला घेऊन आला. पेला काठोकाठ भरून पुढं धरला. तिनं पेला दोन्ही हातांनी घेतला. वरनं ओतून प्यायची इथली पद्धत; पण ती घाईत तोंड लावून प्यायली आणि ठसका लागला. "हलू पी, हलू," तो म्हणाला. चार महिन्यांत तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. ती उठून डोळे पुसत म्हणाली, "ठसक्यानं पाणी आलं." कुणीही काही विचारलेलं नव्हतं.

"झालं?" मी ओरडले. "आता पेढे वाटायचेत, की खांब उतरवायचाय?"

दोर वर गेला. खांबाच्या आडव्या टेकूला बांधला, कप्पीतनं घेतला. रांग लागली. चांगोनं दोराला हात लावला, कपाळाला लावला. मग त्याच्या मागं वरची आळी, खालची आळी, भिवाजी, बाया, पोरं. मागच्या ताणाची तार सोडायला इंजिनियरनं शिकवलेली दोन पोरं गेली.

उतरवताना ओढायचं नसतं, धरायचं असतं. खांबाचं वजन दोराला ओढत असतं आणि माणसांनी तो हात हात सोडत जायचा. एकानं घाई केली तरी सगळा भार पुढच्यावर. आणि पुढचा कोण? सत्तरीचा चांगो. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा खांब तिरपा झालेला होता.

"सोड रं, होऽऽ! धर रं, होऽऽ!"

त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला. पात्यांना ब्रेक लावलेला होता, तरी वरचं डोकं झुकलं, दोर करकरला, आणि रांगेचे पाय घसरले. मागनं कुणीतरी किंचाळलं. दोन पोरांनी हात सोडले. चांगो वाकला, टाचा मातीत रुतवल्या, आणि त्याचा आवाज मात्र तसाच आला, न वाढता, न घाबरता: "धर रं, होऽऽ. धर रं, होऽऽ." सोड म्हणालाच नाही. झोत जाईपर्यंत नुसतं धर. हर्षला रांगेत मागं होती, तिच्या घराचा हात आधीच लागलेला असताना. ती पुढं आली आणि सासऱ्याच्या पाठीमागं दोर धरून बसलीच, खाली, मातीत, पाय रोवून. झोत गेला. "सोड रं," तो म्हणाला, आणि खांब म्हातारा बैल बसावा तसा टेकडीवर टेकला.

पाती बांधली, खांब खुंट्यांना बांधला. चांगोचे तळहात सोललेले होते. मी हळद लावायला सांगायला गेले, तर म्हणाला, "भिवाजीचे लोक ढिले पडले. बघितलंस ना? लिही कुठंतरी." लिहिलं बाबा. हे घे.

वादळ पहाटे आलं. चार घरांचे पत्रे गेले, चिंच रस्त्यावर आडवी झाली, फार्महाऊसची कौलं शेतात पडली. खांब होता तिथंच पडून होता. पंपाची खोली धड. मी त्या रात्री मोतीबाईकडंच राहिले होते. सकाळी बाहेर आले तर ऊन पडलेलं, वारा छान सुटलेला, आणि वरच्या आळीच्या बाया रिकामे हंडे घेऊन माझ्याकडं बघतायत, जणू काय मीच भिंगरी पाडली.

"चला!" मी ओरडले. "खांब उभा करू! दोर वरच आहे, माणसं आहेत!"

माणसं निघाली. चांगो ओटीवर. टोपी नाही. हाताला हळदीचं फडकं.

"दादा, चला ना."

"बोलावनं?"

मला आधी कळलंच नाही. "काल झालं ना बोलावणं!"

"ते उतरवायचं झालं. उभं करायचं कुठं झालं?"

मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. मोतीबाईनंही त्यात भर घातली. आतनं हर्षला कामावर जायची पर्स खांद्याला लावून आली. तिनं एकदा सासऱ्याकडं बघितलं, पर्स माझ्या हातात दिली आणि मागच्या दारानं गेली. वळसा घालून अंगणात आली. हात रिकामे.

"नारल?" चांगो म्हणाला.

"नाही. कालचा रात्री चटणीला गेला. तुम्हीच खाल्लात."

तो तिच्याकडं बघत राहिला, ती त्याच्याकडं. मग तो उठला, खुर्ची पुढं सरकवली आणि टोपी घ्यायला आत वळला.

"नारल मागनं आन," जाता जाता म्हणाला. "पन आन."

जेवणाच्या आत भिंगरी फिरायला लागली, वरच्या टाकीत पाणी पडलं. हर्षला त्या दिवशी कामाला उशिरा गेली आणि तिथं बोलणी खाऊन आली. पुढच्या सभेत तिनं क्रेनचा ठराव मागे घेतला नाही. "जिथं दोर पुरणार नाही तिथं क्रेन" एवढंच त्यात घातलं. चांगोनं ग्रुपवर नोंद घेतली, अंगठा टाकला.

आणि तो नारळ अजून द्यायचा राहिलाय. त्यासाठी चांगो सुनेला फोन करत नाही, मला करतो. म्हणे घाई तुझीच होती. हे लिहायला बसल्यापासून दोनदा त्याचा फोन येऊन गेला.